परवानगी दिल्लीची, पऱ्हाटी वर्ध्याची

वर्धा जिल्ह्यात आमची कोरडवाहू शेती. मार्च 2002 मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पुढच्या काही हंगामांत पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, रान पार बदलून गेलं. तेव्हापासून पेरणीत, निंदणात, वेचणीत आणि बियाण्याच्या दुकानात उभं राहून जे शिकले, ते इथे मांडते. जनुक बदललेल्या बियाण्याचा खरा धोका परवानगीनंतर शेतात सुरू होतो आणि नेमकं तिथपर्यंत आपलं नियमन पोचत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

1. बीटी कशावर चालतं, हे पाकीट फोडण्याआधी समजून घ्यावं.
मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसात घातलं, की झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं. बोंडअळीने ते पान किंवा बोंड खाल्लं, की तिचं आतडं फाटतं. सुरुवातीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या. ते श्रेय द्यायलाच हवं. पण मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींना हे प्रथिन काहीच करत नाही. ‘बीटी आहे, आता फवारणी नको’ असं ज्यांना सांगितलं गेलं, तेच पुढे पाठीवर पंप घेऊन दाट, उंच पऱ्हाटीत शिरले. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. बियाणं एका खात्याचं, औषध दुसऱ्या परवान्याचं, पण दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर येतात.

2. नॉन-बीटीची पुडी हा त्या परवानगीचा कणा होता.
शेताच्या कडेने पाच ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र, यांतलं जे जास्त असेल तेवढं साध्या कापसाचं ठेवायचं, अशी अट होती. म्हणून 450 ग्रॅम बीटीसोबत 120 ग्रॅम नॉन-बीटीची पुडी यायची. तिचं काम काय, हे फार थोड्यांनी सांगितलं. बीटीवर जगून वाचलेला एखादा पतंग साध्या कापसावर वाढलेल्या पतंगाशी जुळला, तर त्यांची पिल्लं सहसा बीटीला बळी पडतात, आणि प्रतिकाराचं बीज पसरायला वेळ लागतो. साधा कापूसच नसेल, तर वाचलेले पतंग आपसातच जुळतात.

हिरव्या अळीला तूर आहे, हरभरा आहे. तिचं आश्रयपीक, म्हणजे बीटी नसलेलं खाद्य, आपोआप तयार होतं. गुलाबी अळी मात्र जवळपास कापसावरच जगते. म्हणजे ती पुडी सर्वांत जास्त गरजेची होती ती हिच्यासाठी. आणि आमच्या भागात बहुतेक पुड्या बांधावरच पडल्या. त्यात शेतकऱ्याला दोष देणं मला पटत नाही. पुडीतलं वाण अनेकदा मुख्य वाणाशी जुळायचं नाही, त्यावर अळी पडणार हे नक्की, आणि त्या नुकसानीची भरपाई कुणीच देणार नव्हतं. सगळ्यांच्या भल्यासाठी पाचवा हिस्सा अळीला सोडा, असं कोरडवाहू शेतकऱ्याला सांगायचं, तर त्याची किंमतही सगळ्यांनी मिळून मोजायला हवी होती.

व्हायचं ते झालं. 2010 मध्ये गुजरातच्या काही जिल्ह्यांत पहिल्या पिढीच्या बीटीला गुलाबी अळी दाद देत नसल्याचं जाहीर झालं. दोन जनुकांचं दुसरं बीटी 2006 मध्येच आलं होतं. 2015 च्या सुमारास गुजरातमध्ये तेही तिच्यापुढे टिकेना, आणि 2017 मध्ये विदर्भात बोंडंच्या बोंडं किडली. बाहेरून हिरवंगार बोंड, फोडलं की आत गुलाबी अळी आणि कवडी कापूस. हीच अळी अमेरिकेने आश्रयपीक, नपुंसक पतंग सोडणं आणि वेळेवर रान मोकळं करणं यांच्या जोरावर 2018 मध्ये आपल्या मुख्य भूमीवरून संपल्याचं जाहीर केलं. जनुक तिथेही हेच होतं.

आता नॉन-बीटीचे दाणे पाकिटातच मिसळून येतात. पुडी फेकण्याचा प्रश्न मिटला, पण तोवर अळी पुढे निघून गेली होती.

3. फरदड घेऊ नका.
दोन वेचण्या जास्त मिळतात हे खरं, पण जानेवारीनंतर उभी राहिलेली पऱ्हाटी म्हणजे पुढच्या हंगामासाठी पोसलेली अळी. डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेलं फूल, दिसली की तोडून नष्ट करावी, कामगंध सापळे लावावेत आणि आठवड्याला वीसेक हिरवी बोंडं फोडून पाहावीत.

4. सरकारी शिक्का पाहून निर्धास्त होऊ नये.
दरवर्षी विकत घ्यावं न लागणारं बियाणं म्हणून सरकारी संशोधन संस्थांनी ‘बिकानेरी नरमा’ हे सरळ बीटी वाण आणलं. संकरित वाणांना तो खरा पर्याय ठरला असता. पण त्यात दुसरंच, आधी बाजारात असलेलं बीटी जनुक सापडलं आणि विक्री थांबवावी लागली. मला त्याचं आजही वाईट वाटतं. जनुकाची शुद्धता तपासण्याची शिस्त सरकारलाही तितकीच लागू हवी.

5. चोरबीटी का घेतली जाते, हे निंदणाला जाणाऱ्या बाईला विचारा.
तणनाशक सहन करणाऱ्या या कापसाला परवानगी नाही, तरी तो गावोगाव पोचतो. पावसाने झड लावली, तण कंबरेला आलं आणि मजूर मिळेनासे झाले, की माणूस काय करणार? जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी हे बियाणं उघडपणे पेरलं. तंत्रज्ञान निवडण्याचा हक्क मागणं मला चुकीचं वाटत नाही. पण बिनटॅगच्या पाकिटात नक्की कोणतं जनुक आहे, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. शेजाऱ्याच्या तुरीवर वाऱ्याने तणनाशक उडालं, तर भांडण दोन घरांत लागतं. आणि ज्या बायकांची मजुरी निंदणावर चालते, त्यांचा हिशेब कोणत्याच बाजूच्या भाषणात येत नाही. मी तरी हे बियाणं पेरत नाही.

6. पावती, टॅग आणि मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.
आपल्या राज्याचा 2009 चा कापूस बियाणे कायदा आहे. 2017 मध्ये त्याखाली नुकसानीच्या तक्रारीचा ‘जी’ फॉर्म भरताना लॉट नंबर लागला, तेव्हा कागदाचं मोल आमच्या गावाला कळलं.

7. सुनावणी ही शेतकऱ्याची जागा आहे, ती सोडू नये.
बीटी वांग्यावर जानेवारी-फेब्रुवारी 2010 मध्ये नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या, आणि 9 फेब्रुवारीला पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्या वांग्याला स्थगिती दिली. निर्णय पटो न पटो, लोकांसमोर विचारून झाला. आता जनुक बदललेल्या मोहरीचा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. जुलै 2024 मध्ये दोन न्यायमूर्तींचं तिच्या परवानगीवर एकमत झालं नाही, पण अशा पिकांसाठी राष्ट्रीय धोरण आखावं यावर झालं. त्या धोरणात माझी एकच मागणी आहे. नागपूरची कापूस संशोधन संस्था अळ्यांची प्रतिकारशक्ती तपासते, ते निष्कर्ष शास्त्रज्ञांपर्यंत पोचतात. तसे प्रत्येक तालुक्यातले नमुने दरवर्षी तपासावेत, आणि कोणतं बियाणं आपल्या भागातल्या अळीवर अजून चालतं, हे पंचायतीच्या फळ्यावर मराठीत लावावं. तेही एप्रिलमध्ये, पाकिटाला पैसे मोजण्याआधी.