मिश्री, सुपारी व शाळकरी मुलांचे आरोग्य

आरोग्यशिक्षणाच्या तासाला व्यसनांचा विषय निघाला की बहुधा दारूची निंदा होते, मुले माना डोलावतात आणि तास संपतो. दारूचे दुष्परिणाम गावातील मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असतात. ते त्यांना पटवून द्यावे लागत नाहीत. ज्या पदार्थांना घरात कोणी व्यसन म्हणतच नाही, त्यांचा विचार मात्र राहून जातो. आजीच्या डबीतील मिश्री, बांधावर बसून मळलेली तंबाखू आणि दुकानातील गोड सुपारीची पुडी हे ते पदार्थ होत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २४.४ टक्के व्यक्ती धूररहित तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण केवळ ३.८ टक्के होते. तेव्हा जळत्या सिगारेटीचे चित्र भिंतीवर लावल्याने खेड्यातील शाळेचे काम भागत नाही.

मिश्रीचा विचार प्रथम करणे योग्य होईल, कारण तिचा संबंध मुलींशी अधिक येतो. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करतात व ती बोटाने दातांना व हिरड्यांना चोळतात. मुलीचा दात दुखू लागला की घरातील वडीलधारी बाई प्रेमाने चिमूटभर मिश्री देते. निकोटिनाने ठणका काही वेळ दबल्यासारखा वाटतो. दाताची कीड मात्र आत वाढतच राहते. पुढे दात दुखत नसतानाही मिश्रीवाचून सकाळ जात नाही, शौचास साफ होत नाही, डोके जड होते, अशी तक्रार सुरू होते. ही निकोटिनाची सवय जडल्याची खूण आहे. तंबाखूत कर्करोगास कारण होणारी नायट्रोसामीन नावाची द्रव्ये असतातच. ती भाजल्याने धुरात सापडणाऱ्या घातक द्रव्यांचीही त्यांत भर पडते. ही पूड दंतमंजन नव्हे, हे मुलींना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. मुंबईत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास करून २००४ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात धूररहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे जन्मवजन सरासरीने सुमारे १०० ग्रॅम कमी भरले. त्या स्त्रियांत मिश्री लावणाऱ्याच पुष्कळ होत्या.

तंबाखूत चुना का मिसळतात, हा प्रश्न वरच्या वर्गातील मुलांना अवश्य विचारावा. हळदीच्या पाण्यात किंचित चुना टाकला की ते तांबडे होते. चुना अल्कधर्मी असल्याची ही ओळख मुलांना विज्ञानाच्या पाठातून असते. अल्कधर्मी पदार्थाच्या संगतीने तंबाखूतील निकोटिन मोकळे होते व गालाच्या नाजूक अस्तरातून झपाट्याने रक्तात शिरते. नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो, मेंदूस क्षणिक तरतरी येते. ती ओसरली की पुन्हा चिमूट हवी वाटते. शिवाय चुन्याने अस्तर भाजते ते निराळेच. प्रयोग करताना चुना शिक्षकाने स्वतःच हाताळावा. चुन्याची पुडी दाबली जाऊन मुलाच्या डोळ्यात उडाली तर दृष्टी जाण्याचा संभव असतो. तंबाखू नमुन्यादाखलही वर्गात आणू नये.

सुपारीच्या बाबतीत समजूत फारच चुकीची आहे. पुडीत तंबाखू नाही, मग मुलाने खाल्ली तर काय बिघडले, असे सुशिक्षित पालकही म्हणतात. वस्तुतः २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीही मनुष्यास कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. सुपारीतील अरेकोलीन या द्रव्यामुळे गालाच्या अस्तराखाली ताठ तंतू साचत जातात. प्रारंभी तिखट लागताच तोंडाची आग होते. मग अस्तर पांढुरके पडते. शेवटी जबडा आखडून भाकरीचा घास घेणे अवघड होते. साचलेले तंतू पूर्णपणे जात नाहीत व अशा तोंडात कर्करोग उद्भवण्याचा धोका मोठा असतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. परंतु सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेला मावा किंवा विदर्भातील खर्रा यांतही तोच अपाय भरलेला आहे.

या विकाराची एक साधी परीक्षा वर्गात करता येते. मुलाने स्वतःच्या हाताची तर्जनी, मध्यमा व अनामिका ही तीन बोटे एकत्र धरून उभी करावीत व वरच्या-खालच्या पुढील दातांमध्ये घालून पाहावीत. निरोगी मुलाची तिन्ही बोटे सामान्यतः सहज मावतात. दोनच मावली, किंवा गालात न जाणारा पांढरा वा तांबडा चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर मुलास ग्रामीण रुग्णालयातील दंतवैद्याकडे न्यावे. परीक्षा सर्व वर्गाची एकत्र घ्यावी. एकाच मुलास पुढे बोलावून तपासले तर तो उद्या शाळेतच येणार नाही.

येथे एक अप्रिय गोष्ट लिहिणे भाग आहे. काही शाळांत गुरुजींच्या सदऱ्याच्या खिशात पुडी असते आणि ती संपली की विद्यार्थ्यासच दुकानात धाडले जाते. २००३ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकणे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत ती विकणे हे दोन्ही गुन्हे आहेत. २०१५ च्या बालन्याय कायद्याने बालकास तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, पुडी आणून देणाऱ्या मुलास तंबाखूवरील पाठ कसा खरा वाटावा? ज्या शिक्षकांस सवय आहे त्यांनी लाजू नये, पण सोडण्याचा यत्न मात्र करावा. पहिले काही दिवस चिडचिड, डोकेदुखी, अस्वस्थता जाणवते. दोन ते चार आठवड्यांत ती बहुधा ओसरते. शासनाच्या १८००-११२-३५६ या निःशुल्क दूरध्वनीवर सल्ला मिळतो.

मिश्री लावणारी मुलगी आढळल्यास तिला सर्वांदेखत बोलू नये. आधी तिचा कोणता दात दुखतो ते विचारावे, त्यावर उपचार करवून घ्यावेत आणि मग पालकसभेच्या दिवशी तिच्या आईशी व आजीशी शिक्षिकेने स्वतंत्रपणे बोलावे. आजीची तीस वर्षांची सवय एका बैठकीत सुटणार नाही. नातीच्या बोटाला मिश्री लावायची नाही, एवढे तिने कबूल केले तरी त्या दिवसापुरते पुष्कळ झाले.