मोठ्या हॉटेलात जातेस, तर जरा ऐक

अगं बाय, गोव्याला समुद्रकाठच्या पंचतारांकित रिसॉर्टमध्ये जायचं म्हणतेस, हे ऐकून मला इतकं बरं वाटलं! पण फोनवर तुझा आवाज पडलेला होता. सासूबाई म्हणाल्या म्हणे, एवढ्या पैशात पोरीच्या कानातले झाले असते. झाले असते की. आपल्या आगरी घरात पैसा हातात आला की तो एक तर सोन्यात जातो, नाही तर हळदीच्या मांडवात. हळदीला डीजे आणि मटणावर एका रात्रीत जे उडतं, त्याचा हिशेब आपल्या ओवे गावात कोणी कोणाला मागत नाही. बाई दोन रात्री पाय लांब करून बसली की मात्र सगळ्यांना गणित आठवतं. पैसे तुझ्या पगारातले आहेत ना? मग अपराध्यासारखं तोंड करून जाऊ नकोस.

हिशेब तूच आधी नीट कर, म्हणजे परत आल्यावर कोणी काही बोललं तरी टोचणार नाही. खोलीचं एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के. त्याच्या वर गेलं की थेट १८. सप्टेंबर २०२५ पासून असंच आहे. म्हणजे ७,५०० ची खोली करासकट ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. शंभर रुपयांच्या फरकाला हजाराच्या वर मोजायचे! समुद्रावरच्या चांगल्या रिसॉर्टचं भाडं या रेषेच्या बरंच पुढे असतं, तेव्हा १८ टक्के धरूनच चाल. मोबाइलवर मोठ्या अक्षरात दिसतो तो आकडा बहुतेक वेळा कराशिवायचा असतो.

मग खोलीच्या दरापुढे लिहिलेलं ते सीपी, एमएपी, एपी. तुला कोड्यासारखं वाटलं असेल, पण सोपं आहे. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे त्यात एक वेळचं जेवण. एपी म्हणजे तिन्ही त्रिकाळ त्यांच्याकडेच. तू सीपी घे. नाश्ता त्यांचा खरंच चांगला असतो, आणि तो भरपेट झाला की दुपारी फारशी भूक लागत नाही. रात्री एकदा हॉटेलात जेवा, हौस म्हणून. दुसऱ्या रात्री रिक्षा करून बाणावली नाही तर कोलव्याच्या बाजूला जा आणि साध्या खानावळीत माशाची थाळी मागवा. एपी घेतलं की पैसे भरलेत म्हणून तिथेच बसून जेवायचं आणि बाहेरचा गोवा बघायचाच राहायचा, असं होतं.

नाश्त्यावरून आठवलं. बुफेला गेलीस की ताटात डोसा, पास्ता, केक, पपई असा डोंगर रचू नकोस. ‘वसूल’ हा शब्द घरी ठेवून जा. तिथे आपण वेळ विकत घेतो, पदार्थ नाही. सकाळी डबा भरायचा नाही, नळाला पाणी आलं का बघायचं नाही, कोणी बेल वाजवली तर आपण उठायचं नाही. एवढ्याचेच पैसे आहेत. तुला हे जड जाणार, मला माहीत आहे. पहिल्या सकाळी तू पलंगावरची चादर स्वतःच नीट करायला घेशील. नको करूस.

कुठलं हॉटेल म्हणून विचारत होतीस. माझं मत दक्षिणेकडचं. उत्तरेला कळंगुट-बागाकडे गर्दी फार आणि रात्री गाण्यांचा दणदणाट. दक्षिणेत आरोशी, माजोर्डा, कोलवा, बाणावली, वार्का, केळशी अशी सलग वाळू जाते, ती खाली मोबोरला साळ नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत. मोठी रिसॉर्टंही याच पट्ट्यात आहेत आणि मडगाव स्टेशन जवळ पडतं. वंदे भारत पनवेलला सकाळी साडेसहाच्या सुमारास येते आणि दुपारी एकच्या आसपास मडगावला सोडते. खोली दोन-तीनच्या आधी मिळत नाहीच, त्यामुळे वेळ बरोबर जुळते. फक्त त्या पहाटे ओव्यातून स्टेशनला जायला रिक्षा आदल्या रात्रीच सांगून ठेव. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाडी हळू चालते आणि फेऱ्याही कमी होतात, हे लक्षात असू दे.

आता ‘सी व्ह्यू’ची गोष्ट. एका हॉटेलात (नाव नाही सांगत) आम्हाला जास्तीचे पैसे घेऊन दिलेल्या खोलीतून समुद्र दिसायचा तो गॅलरीच्या एका कोपऱ्यात उभं राहिलं तर, दोन माडांच्या मधून. त्याला कारण आहे. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनाऱ्यावरच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. पुढे १९९१ मध्ये सीआरझेडचा, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचा, नियम आला आणि गावाकडच्या किनाऱ्यांवर भरतीरेषेपासून २०० मीटरांत नवं बांधकाम बंद झालं. म्हणून त्यानंतरच्या रिसॉर्टमध्ये आधी बाग, मग माड, मग वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्या पलीकडे समुद्र. सिकेरीचं फोर्ट आग्वाद रिसॉर्ट १९७४ चं, पोर्तुगीजांच्या जुन्या किल्ल्याच्या तटाला लागून आणि उंचावर, तिथली गोष्ट वेगळी. पण बाकी ठिकाणी तळमजल्याची खोली घेऊन समुद्र दिसेल अशी आशा धरू नकोस. वरचा मजला माग, नाही तर सरळ बागेकडची खोली घे आणि उरलेले पैसे वाचव. समुद्र बघायला खोलीत कशाला बसायचं? उठून जायचं.

आणि वाळूवर गेलीस की बिचकू नकोस. हॉटेलाच्या छत्र्या आणि आरामखुर्च्या हॉटेलाच्या, किनारा सगळ्यांचा. दोनापावलाजवळ वायंगिणीच्या किनाऱ्यावर सिदाद दे गोवा आहे ना, चार्ल्स कोरियांनी आखलेलं, तिथे लोकांची समुद्राकडे जायची वाट अडली म्हणून गावकरी आणि गोवा फाउंडेशन कोर्टात गेले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि जानेवारी २००९ मध्ये निकाल लोकांच्या बाजूने लागला. आपल्याकडे जमिनी सिडकोला गेलेल्या माणसांना वाट अडणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. तेव्हा सकाळी लवकर उठून हॉटेलाच्या हद्दीपलीकडे चालत जा. नशिबात असेल तर मासेमार रापणीचं जाळं ओढताना दिसतील. ताजा बांगडा बघून तुझा हात भाव करायला शिवशिवेल, पण शिजवणार कुठे गं!

आपण खाडीकाठच्या बायका. पाणी म्हणजे चिखल, खारफुटी आणि भरती-ओहोटीचं गणित, एवढं आपल्याला कळतं. उघड्या समुद्राच्या लाटेचं ओढणं वेगळं असतं. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून दृष्टी मरीनचे जीवरक्षक असतात. त्यांनी लाल बावटा लावला असेल तिथे पाऊलही टाकायचं नाही, जावईबापूंनी कितीही ‘मला पोहता येतं’ म्हटलं तरी. जून ते सप्टेंबर खोल्या स्वस्त मिळतात हे खरं, पण तेव्हा पाण्यात उतरायची बंदी असते आणि वाळूवरची शॅकही बंद. तेव्हा स्वस्त काय मिळालं? पावसात बसायला बाग. तीच आवडत असेल तर जरूर जा, मला तर आवडते. समुद्र हवा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि त्यातही नाताळ ते नववर्ष सोडून, सोमवार ते गुरुवारमध्ये.

पोहण्याच्या तलावाचं सांगते, कारण हे तू विचारणार नाहीस. कुर्ता, लेगिंग, सुती कपडे घालून उतरू देत नाहीत. सुताचे धागे पाण्यात सुटतात म्हणून. पण तोकडंच घालावं लागतं असं कोणी सांगितलं? लांब बाह्यांचा, पायघोळ पोहण्याचा पोशाख मिळतो, पनवेलच्या दुकानांतही मिळतो. तोच घेऊन जा. पोट सुटलंय, दंड जाड झालेत, हे तिथे कोणीही बघत नाही. सगळ्या बायका स्वतःचंच पोट आत ओढण्यात गुंग असतात.

काउंटरवरची मुलगी इंग्रजीत सुरू करेल. तू मराठीत बोल, मोकळ्या आवाजात. बऱ्याचदा ती पेडण्याची नाही तर सावंतवाडीची निघते आणि मग बघ कशी खुलते. दोघांची आधार कार्डं जवळ ठेव. येताच कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात, ती निघताना सुटते, त्याने घाबरू नकोस. खोलीतल्या छोट्या फ्रिजमधलं काही उचलण्याआधी किमतीचा कागद वाच. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप घातलेला दिसला तर काढायला सांग. तो सक्तीने लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच बजावलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये ते उचलून धरलं. त्याऐवजी खोली झाडणाऱ्या बाईच्या हातात थेट पैसे दे. तिला ते पोचतात.

आणि नुसता समुद्रच बघायचा असेल, तर तारकर्लीचं नाही तर गणपतीपुळ्याचं एमटीडीसी रिसॉर्ट पुरे आहे, हेही तुला सांगायलाच हवं. तिथेही वाळू आहे, माड आहेत. पण तुला यंदा दोन दिवस कोणीतरी तुझी उठबस करायला हवी आहे, हे मी आईच्या आजारपणापासून बघतेय. म्हणून मोठ्याच हॉटेलात जा.

बुकिंगचं बटण दाबण्याआधी थेट हॉटेलला फोन लाव. करासकट एका रात्रीचे किती, नाश्ता धरून का, पोरीचे वेगळे किती आणि खोली कुठल्या मजल्यावर, एवढं विचार आणि सगळं मेलवर लिहून घे. आणि रजेचा अर्ज आजच टाक बाय, नाही तर तुझ्या त्या साहेबाला ऐन वेळी काम आठवेल.