साथीच्या काळांतील घरपोच वाईन : द्राक्षबागायतदारांस एक धडा

द्राक्षवेलीची लागण, छाटणी व औषधफवारणी यांविषयीं आपल्या शेतकरी बंधूंस पुष्कळ माहिती असते. परंतु तयार माल ज्या वाटेनें गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत जातो, त्या वाटेचा विचार आपण क्वचितच करतों. इ. स. २०२० सालीं कोरोनाच्या साथींत ही वाट एकाएकीं बंद झाली व पुढें निराळ्या रीतीनें थोडी उघडली. त्यापासून वाईनद्राक्षाच्या बागायतदारानें काय शिकावें, एवढाच ह्या पाठाचा विषय आहे. मद्यपानाची शिफारस करण्याचा हेतु मुळींच नाहीं.

प्रथम पीक समजून घ्यावें. खावयाचें द्राक्ष व वाईनचें द्राक्ष हीं दोन निराळीं पिकें होत. थॉमसन सीडलेसचा माल बाजारांत खपला नाहीं, तर त्याचा बेदाणा करितां येतो. २०२० सालीं अनेकांनीं तेंच केलें. शिराझ, काबर्ने सोव्हिन्यों इत्यादि जातींचे मणी मात्र लहान, बियांचे व जाड सालीचे असतात. त्यांस बाजारांत गिऱ्हाईक नाहीं व बियांमुळें बेदाणाही चांगला होत नाहीं. म्हणजे ह्या मालास वाईनच्या कारखान्यावांचून दुसरा खरा खरेदीदार नाहीं.

नाशिक जिल्ह्यांत ह्या द्राक्षांची तोड साधारणतः जानेवारी ते मार्च चालते. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हां हंगामाचा बहुतेक माल कारखान्यांच्या टाक्यांत जाऊन पडला होता. दुकानें, उपाहारगृहें व पर्यटकांची ये-जा हीं तिन्ही एकदम थांबलीं. पाऊण लिटरच्या एका बाटलीस सुमारें सव्वा किलो द्राक्ष लागतें. तेव्हां न खपलेल्या बाटल्यांचा ढीग म्हणजे पुढील हंगामाच्या खरेदीवर पडणारी तूट, हें ध्यानांत ठेवावें.

मे महिन्याच्या ४ तारखेस कांहीं भागांत दुकानें उघडलीं. पण रांगा एवढ्या लागल्या कीं, मुंबईंत तीं लागलींच बंद करावीं लागलीं. ८ मे रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, गर्दी टाळण्यासाठीं घरपोच विक्रीचा विचार राज्यांनीं करावा, असें सुचविलें. महाराष्ट्रांत १५ मेपासून अशी विक्री सुरू झाली. मुंबई शहरांत ती त्यानंतर सुमारें आठवड्यानें सुरू झाली.

ह्या विक्रीची रीत अशी होती :

(१) गिऱ्हाइकाजवळ दारूबंदी कायद्याखालील वैयक्तिक परवाना असणें जरूर होतें. त्या वेळीं तो एका वर्षास १०० रुपयांस व आजन्म १,००० रुपयांस मिळे, आणि अर्ज घरबसल्या संगणकावरून करितां येई.

(२) मागणी परवानेदार दुकानाकडेच, दूरध्वनीनें किंवा ऑनलाइन नोंदवावयाची.

(३) दुकानाचा माणूस तोंडास मुखपट्टी लावून बाटली घरीं आणून देई. छापील किंमतीहून अधिक दर घेण्यास मनाई होती.

सारांश, कायदा सैल झाला नव्हता. दुकानाचा गल्ला तेवढा गिऱ्हाइकाच्या उंबऱ्यापर्यंत आला होता.

सोयीबरोबर लबाडीही आली. दुकानांच्या नांवानें खोटे क्रमांक पसरवून, आगाऊ पैसे अथवा बँकेचा ओटीपी मागून पुष्कळांस फसविण्यांत आलें. सबब माल हातीं आल्यावांचून पैसे देऊं नयेत व ओटीपी कोणासही सांगूं नये. दुसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्यांत गाडीवर तापलेली वाईन बिघडते. ती सावलींतून आणून थंड, अंधाऱ्या जागीं ठेवावी, व बूच लाकडी असल्यास बाटली आडवी ठेवावी. उंबऱ्यावर बिघडलेल्या बाटलीचा दोष शेवटीं द्राक्षाच्या माथीं येतो, म्हणून हें बागायतदारानेंही जाणावें.

आतां मुख्य धडा. घरपोच विक्रीमुळें वाट अगदींच बुजली नाहीं, एवढेंच. उपाहारगृहांचा व पर्यटकांचा खप तिनें भरून निघण्यासारखा नव्हता. वेल पंधरा-वीस वर्षें उभी राहते. दुकानाचें दार मात्र एका हुकुमानें बंद होतें. म्हणून लागणीपूर्वींच कारखान्याशीं लेखी करार करावा व त्यांत चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्या : दर साखरेच्या कोणत्या प्रमाणावर ठरेल, माल किती मुदतींत उचलला जाईल, पैसे किती दिवसांत मिळतील, आणि सरकारी हुकुमानें विक्री थांबल्यास नुकसान कोणी किती सोसावें. शेवटचें कलम नसेल तर तें घालून घेतल्यावांचून सही करूं नये. शिवाय सर्व क्षेत्र वाईनद्राक्षाखालीं न घालतां कांहीं भाग खावयाच्या द्राक्षाचा अगर दुसऱ्या पिकाचा ठेवावा.

महसूल खात्याच्या नोकरींत मीं वारंवार पाहिलें आहे कीं, पीक उभें असतां जो कागद कोणी वाचीत नाहीं, तोच तंट्याच्या वेळीं सर्वांत आधीं मागितला जातो. हा कागद आपण आधींच वाचावा, व वाचतां येत नसेल तर सोसायटींत आणून वाचून घ्यावा, अशी सर्व बागायतदार बंधूंस विनंती आहे.