अपेंडिक्स काढले, पण रिपोर्ट आणलात का?

पोटात उजवीकडे खाली दुखू लागते, उलट्या होतात, ताप येतो. सोनोग्राफीत अपेंडिक्सला सूज दिसते, ऑपरेशन होते, आठवड्याभराने टाके निघतात आणि प्रकरण मिटले असे घरच्यांना वाटते. बहुतेकांचे ते खरोखरच मिटलेले असते. ज्यांचे मिटत नाही अशा थोड्या लोकांविषयी आज लिहितो.

मोठे आतडे जेथे सुरू होते तेथे करंगळीएवढी जी नळी लोंबते, ती अपेंडिक्स. तिलाही कर्करोग होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सूज आली म्हणून काढलेली शंभर अपेंडिक्स तपासली, तर जेमतेम एखाद्यात गाठ सापडते. अडचण अशी की ऑपरेशनपूर्वी ती क्वचितच कळते. गाठीमुळे नळीचे तोंड बुजले की सूज येते आणि लक्षणे साध्या अपेंडिक्ससारखीच दिसतात. रक्त तपासूनही उलगडा होत नाही. खरे काय ते काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच समजते.

त्यासाठीच ऑपरेशननंतर अनेक ठिकाणी नातेवाइकाच्या हाती फॉर्मॅलिनची बाटली देतात आणि लॅबमध्ये नेऊन द्यायला सांगतात. माझ्या एका रुग्णाची बाटली तेथवर पोचलीच नाही. वय पन्नाशीच्या आत, नोकरी एस.टी.त. तीन वर्षांपूर्वी परगावी त्याचे अपेंडिक्स काढले होते. माझ्याकडे आला तो पोट वाढल्याची तक्रार घेऊन. मीही आधी ढेरीच समजलो, हे कबूल करतो. पुढे जांघेत हर्निया झाला. त्याच्या ऑपरेशनमध्ये सर्जनला पिशवीत घट्ट जेलीसारखा चिकट पदार्थ सापडला. बाटलीची चौकशी केली तेव्हा पत्नी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, काढून टाकलेलं पुन्हा कशाला तपासायचं, उगाच खर्च, म्हणून राहिलं."

अपेंडिक्सच्या एका प्रकारच्या गाठीत असा बुळबुळीत पदार्थ तयार होतो. अपेंडिक्स शाबूत असेतो तो आत कोंडलेला राहतो, आणि तेवढ्यावर ते नीट काढले तर बहुधा काम भागते. फुटले, तर त्या पेशी पोटभर पसरतात आणि वर्षानुवर्षे सावकाश जेली साठवीत राहतात. दुखत फारसे नाही, पोट मात्र वाढते. स्त्रियांत कित्येकदा बीजकोशाची गाठ म्हणून पोट उघडतात आणि मूळ अपेंडिक्समध्ये निघते. 'रोमन हॉलिडे'ची नायिका ऑड्री हेपबर्न अपेंडिक्सच्याच कर्करोगाने गेली. नोव्हेंबर १९९२ मध्ये ऑपरेशन झाले तेव्हा रोग पोटात पसरला होता. २० जानेवारी १९९३ रोजी तिचे निधन झाले.

आज परिस्थिती बरीच बदलली आहे. अमेरिकेतील सर्जन पॉल शुगरबेकर यांनी रुजवलेल्या पद्धतीत पोटातील दिसेल तेवढा रोग खरवडून काढतात आणि मग सुमारे ४१ ते ४३ अंश तापमानाचे औषधी द्रावण पोटात तासभर किंवा थोडे अधिक वेळ फिरवतात. हिला 'हायपेक' म्हणतात. ऑपरेशन आठ-दहा तासही चालते आणि ते सोसण्याइतकी प्रकृती लागते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात हे केले जाते. आमच्या रुग्णावर तेच उपचार झाले. आता ठराविक काळाने तो सी.टी. स्कॅनला जातो. बाटली वेळेवर पोचली असती, तर हे सी.टी. तीन वर्षे आधी सुरू झाले असते आणि पोट वाढायची वाट पाहावी लागली नसती.

सगळ्याच गाठी अशा नसतात. कार्सिनॉइड नावाची गाठ बहुधा अपेंडिक्सच्या टोकाला असते. ती एक सेंटिमीटरहून लहान असली तर अपेंडिक्स काढणे हाच सहसा पुरा उपचार. दोन सेंटिमीटरहून मोठी असली तर आतड्याचा उजवा भाग काढावा लागतो. मधल्या आकाराची असली तर सर्जन रिपोर्टमधील इतर बाबी पाहून ठरवतो. आतड्याच्या नेहमीच्या कर्करोगासारखी गाठ निघाली तर उजवा भाग काढतात आणि गरजेप्रमाणे केमोथेरपी देतात. म्हणजे एका कागदावरच्या दोन ओळींवर पुढचे सगळे अवलंबून.

चाळिशीनंतर अपेंडिक्सचा गोळा झाला आणि तो औषधांनी विरघळला, तरी सी.टी. स्कॅन व दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी करून घ्यावी. या वयात सुजेआड गाठ असण्याची शक्यता तरुणांपेक्षा अधिक असते.

आणि ज्यांचे ऑपरेशन झाले पण रिपोर्ट आणायचा राहिला, त्यांनी जुनी पावती शोधून लॅबमध्ये जावे. रिपोर्ट हरवला असला तरी तपासलेल्या भागाचे मेणाचे ठोकळे लॅबवाले काही वर्षे जपून ठेवतात, त्यावरून पुन्हा पाहता येते. रिपोर्टमध्ये 'ट्यूमर', 'म्युसिनस' किंवा 'कार्सिनॉइड' यांपैकी शब्द दिसला, तर तो घेऊन आपल्या सर्जनला त्याच आठवड्यात भेटावे.