लोकशाही : मतपेटीच्या पलीकडे

लोकशाही म्हणजे काय, असे विचारले की ‘निवडणूक’ हे उत्तर चटकन येते. ते चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. इतिहासातील एका उदाहरणावरून हे समजून घेऊ.

१९५१-५२ साली भारतात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. सुमारे १७ कोटी मतदार, त्यांतील बहुसंख्य निरक्षर. म्हणून मतपेट्यांवर पक्षांची चिन्हे लावण्यात आली. हे प्रचंड कार्य मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली पार पडले. पुढे १९५३ मध्ये सुदानच्या पहिल्या संसदीय निवडणुकीची धुराही त्यांच्याकडेच सोपविण्यात आली. एका नवस्वतंत्र राष्ट्राने परदेशातील लोकशाहीला दिलेले हे साहाय्य शस्त्रांचे नव्हते, अनुभवाचे होते.

सुदान १९५६ मध्ये स्वतंत्र झाला. मात्र दक्षिणेकडील जनतेला सत्तेत व प्रशासनात न्याय्य वाटा मिळाला नाही. तेथील असंतोष १९५५ मध्येच पेटला होता. नोव्हेंबर १९५८ मध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली. मतपेटी पोहोचली, समता पोहोचली नाही.

हाच धोका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत आपल्याविषयी सांगितला होता : राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ टिकली तर लोकशाहीचा डोलाराच कोसळेल. डिसेंबर १९५२ मध्ये पुण्यातील भाषणात त्यांनी लोकशाहीच्या यशाच्या अटी विशद केल्या. समाजात ढळढळीत विषमता नसावी, विरोधी पक्ष असावा, बहुमताने अल्पमतावर जुलूम करू नये आणि लोकांची सदसद्विवेकबुद्धी जागृत असावी. अन्यायाची झळ ज्याला बसत नाही, त्यानेही अन्यायाविरुद्ध उभे राहणे, हा या शेवटच्या अटीचा अर्थ.

ही रीत आपल्याला परकी नाही. भिक्खू संघात ठराव मांडला जाई, मतभेद झाल्यास शलाकांद्वारे मत घेतले जाई, याचे स्मरणही बाबासाहेबांनी संविधान सभेला करून दिले होते.

म्हणून लोकशाहीचा प्रसार देशात असो वा परदेशात, त्याचा आरंभ निकटच्या सहजीवनातून होतो. वसतिगृहात झाडलोटीची पाळी सर्वांच्या वाट्याला सारखी येते काय? एकट्या पडलेल्या विद्यार्थिनीचे म्हणणे पूर्ण ऐकले जाते काय? या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे आपापल्या वहीत लिहावीत. नागरिकशास्त्राचा पहिला धडा तोच आहे.