वाळूतील काटा आणि वनातील छत्र

कोकणच्या किनाऱ्यावर ज्याला पाकट म्हणतात, त्या माशाचा एक सगोत्र भूमध्य समुद्रात राहतो. थाळीसारखे चपटे अंग वाळूत पुरून तो पडलेला असतो. खेकडे, शिंपले हा त्याचा आहार. मनुष्याशी त्याचे वैर नाही. परंतु उथळ पाण्यात कोणाचा पाय अनवधानाने त्याच्या पाठीवर पडला, की शेपटीचा फटका बसतो आणि तीवरील करवतीसारखा दातेरी काटा मांसात रुततो. वेदना तत्क्षणी भडकतात. प्राचीन रोममधील ग्रंथकार प्लिनी याने तर लिहून ठेवले आहे, की हा काटा झाडाच्या मुळात ठोकला असता झाडदेखील मरते! ही अतिशयोक्ती खरी. पण त्या काट्याचा धाक किती होता, हे तीवरून कळते.

त्याच समुद्राकाठच्या देशांत, ओक वृक्षांच्या वनात, शरद ऋतूत पाऊस पडून गेला, की एक भूछत्र उगवते. इंग्रजीत त्याचे नाव 'डेथ कॅप', म्हणजे मृत्यूची टोपी. टोपी फिकट हिरवट, तिच्याखालचे पापुद्रे पांढरे आणि बुंध्याशी, मातीत दडलेली, पिशवीसारखी वाटी. झाडाचे मात्र हे वैरी नव्हे. त्याचे तंतू ओकच्या मुळांना वेढून त्यांस पाणी व क्षार पुरवितात आणि मोबदल्यात साखर घेतात. झाडाला पोसणारे हे छत्र माणसाच्या पोटात गेले, तर काळ ठरते.

विष दोघांपाशीही आहे. परंतु त्यांचे गुणधर्म भिन्न. पाकटाचे विष प्रथिनांचे असते. अंड्याचा पांढरा बलक उष्णतेने जसा पालटतो, तसे तेही पालटते. म्हणून जखमी पाय सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या, सोसवेल पण पोळणार नाही अशा, पाण्यात बुडविल्यास वेदना पुष्कळ ओसरतात. अर्थात जखम डॉक्टरांना दाखवावीच लागते. कारण काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो.

भूछत्राच्या विषापुढे चुलीचे काही चालत नाही. शिजवा, तळा, वाळवा. ते तसेच राहते. चवही वाईट लागत नाही, असे त्यातून वाचलेले लोक सांगतात. अर्धी टोपी प्रौढ माणसाचा प्राण घेण्यास पुरते. बहुधा ६ ते २४ तासांनी ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात. पुढे ते थांबतात, रोग्याला हुशारी वाटते, घरची माणसे निश्चिंत होतात; आणि नेमके त्याच वेळी त्याचे यकृत निकामी होत असते. म्हणूनच असा रोगी स्वतःच्या पायांनी चालू लागला, तरी डॉक्टर त्याला घरी जाऊ देत नाहीत.