बर्फानें घडविलेला प्रदेश

भूगोलाच्या पुस्तकांत सरोवराची व्याख्या एका ओळींत आटोपते. सरोवर झालें कसें, हें त्या ओळींत नसतें. विद्यार्थ्यांनीं अमेरिकेचा नकाशा उघडून मिनेसोटा संस्थानाच्या पश्चिम भागांत ऑटर टेल काउंटी शोधावी. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. ह्या एका काउंटींत हजाराहून अधिक तळीं असून त्यांच्यामधून मका, सोयाबीन व गहू यांचीं शेतें पसरलेलीं आहेत.

हीं तळीं कोणीं खोदलेलीं नाहींत. हिमयुगांत उत्तरेकडून बर्फाचा प्रचंड थर ह्या भूमीवरून सरकत आला. वाटेंत जे दगड, जी माती, जी वाळू सांपडली, ती त्यानें खरवडून बरोबर आणली. सुमारें १२,००० ते १४,००० वर्षांपूर्वीं तो मागें हटला, तेव्हां हें सारें ओझें तेथेंच राहिलें. त्याच्या टेकड्या झाल्या. इन्स्पिरेशन पीक ही त्यांपैकींच एक, समुद्रसपाटीपासून सुमारें १,७५० फूट उंच. कित्येक ठिकाणीं बर्फाचे मोठमोठे तुकडे त्या मातींत पुरले गेले. ते हळूहळू वितळले, वरची माती खचली, आणि खळगा पाण्यानें भरला. तेंच तळें! जमिनींतील दगड थंडीमुळें अजूनही वर येतात व शेतकऱ्यास ते वेंचून बांधावर टाकावे लागतात.

मोठीं तळीं कोणाच्या वाटेस जात नाहींत. प्रश्न शेतांतील लहान डबक्यांचा आहे. त्यांत रानबदकें पिलें वाढवितात, आणि वितळलेल्या बर्फाचें पाणी तेथें अडून राहतें. परंतु तेथील उन्हाळा आंखूड. जमीन ओली राहून पेरणी लांबली, तर मका पिकण्यापूर्वींच थंडी गांठते. म्हणून शेतकऱ्यांनीं चर खणले, जमिनींत नळ पुरले आणि असंख्य डबकीं कोरडीं केलीं. त्यांस निव्वळ लोभी म्हणणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. त्यांचें वर्षाचें अन्न त्या पेरणीवर असतें. १९५८ सालापासून मध्यवर्ती सरकार शिकाऱ्यांच्या तिकिटांच्या पैशांतून अशा जागा विकत घेऊं लागलें. १९९१ सालीं मिनेसोटानें कायदा केला कीं, कांहीं अपवाद सोडून, जो डबकें बुजवील त्यानें दुसरीकडे तशीच पाणथळ जागा करून द्यावी.

हिमनदीच्या खुणा आपल्याकडे नाहींत असें मात्र समजूं नये. चंद्रपूर, म्हणजे पूर्वींचा चांदा, ह्या जिल्ह्यांत इरई येथें चुनखडीच्या खडकावर बर्फानें घासून पाडलेल्या रेघा आढळल्या आहेत. त्या जवळजवळ तीस कोटी वर्षांपूर्वींच्या, दुसऱ्याच एका हिमयुगांतील आहेत.